टेकडीची सुनावणी आणि सुसूची प्रार्थना

"त्या गाढवीला माझ्या झऱ्यावर आणायची न्हाय, सांगून ठेवते!"

सकाळी सकाळी सुसू कावाता कमरेवर हात ठेवून वाटेत उभी. सुसू म्हणजे आज्जी. ही तर अख्ख्या गावाची. तिच्या पाठीमागं सुकुमाच्या भाजीचा हिरवागार वाफा, आणि त्याच्यामागं म्बुई टेकडीच्या पायथ्याला खडकातनं झुळझुळणारा झरा. आजूबाजूचा मुलूख तांबडा, कोरडाठक्क. बाभळीसुद्धा जीभ काढून उभ्या असल्यागत दिसतात. पण हा झरा काही कधी आटला नाही.

"सुसू, मालकियानं काय केलं गं?" मी म्हटलं. मालकिया ही माझी गाढवीण. तिच्या पाठीवर पिवळे कॅन लादून मी गावभर पाणी घालतो.

"काय केलं? गाव बुडवलं तिनं! वर तोंड करून इचारतोय बघा, क्येंगो! जा, दुकानावर जाऊन ऐक, मास्तर काय वाचतोय ते."

दुकानावर ही गर्दी. मास्तर अहवाल वाचत होता, आणि लोक हसावं का रडावं या विचारात होते.

झालं होतं असं. आमच्याच गावचा किलुंदू शहरात जाऊन ट्रकवाला झाला, पोटानं आणि पैशानं मोठा झाला, आणि आता त्याला म्बुई टेकडी फोडून खडी करायची होती. सुरुंग लावायचे, दगड मशीनमध्ये भरडायचा, रस्त्याच्या कामावर धाडायचा. पण परवाना मिळायच्या आधी गावाचं, पाण्याचं, हवेचं काय होणार याचा अहवाल लागतो. म्हणून त्यानं नैरोबीहून एक तज्ज्ञ आणला. पांढरेशुभ्र बूट घातलेला. आमच्या मातीत ते बूट पाच पावलं पांढरे राहिले.

गावात सध्या आवाज किती आहे ते मोजायला त्यानं झऱ्याजवळ तिकाटण्यावर एक पेटी ठेवली. पेटीच्या टोकाला मऊ काळा गोंडा. मग तो गाडीत शिरला, काचा वर केल्या, गार हवा चालू केली आणि घोरायला लागला. मी कॅन भरत होतो. मालकिया जवळच बांधलेली. तिला तो गोंडा काय वाटला देव जाणे. आधी हुंगला, मग चाटला. चव काही आवडली नसावी, कारण तिनं त्यात तोंड घालून अशी हाळी दिली की टेकडीवरची माकडं पळाली. पलीकडच्या गावातल्या गाढवानं ओ दिली. मग काय, तज्ज्ञ उठेपर्यंत दोघांचं सोयरिकीचं बोलणं चाललं.

आता अहवालात छापून आलं होतं: या गावात मुळातच इतका गोंगाट आहे की दगड फोडायच्या मशीननं त्यात काही भर पडणार नाही. उलट मशीनचा आवाज एकसुरी असल्यानं रहिवाशांना थोडा आराम पडेल.

"आराम!" दुकानवाली म्हणाली. "किलुंदू आपल्याला आराम द्यायला आलाय व्हय!"

हसलो सगळे. पण पुढचं वाक्य मास्तरनं दोनदा वाचलं. झरा हंगामी आहे, असं लिहिलं होतं. म्हणजे पावसापुरता. म्हणजे फुटला तरी कुणाचं काही जात नाही. सुरुंग लागला की खडकाला तडा जाणार, आणि तडा गेला की पाणी कुठं गडप होईल ते कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. सुसूचा वाफा, माझी गाढवी, गावातली चूल न् चूल त्या पाण्यावर.

परवान्याची सुनावणी दोन दिवसांवर आली होती. सुसू काठी टेकत थेट चीफ म्वांगांगीकडं गेली. मी मागं मागं. चीफ म्हणजे सरकारनं नेमलेला गावचा कारभारी. तसा सरळ माणूस, पण किलुंदूच्या गाडीत बसून बसून जरा कलंडलेला.

"चीफ, मला बोलायचंय सभेत."

"सुसू, बोलणाऱ्यांची नावं ठरली गं. दोघंच."

"कोण दोघं?"

"एक किलुंदूचा मेव्हणा."

"आणि?"

"जेवणाचं कंत्राट घेतलेला बाबा."

"वा! म्हंजी एक घरच्या जावायाचं बोलणार, दुसरा जेवणाचं. आणि पाण्याचं कोण बोलणार?"

"परवाना देणाऱ्या मॅडमला वेळ नसतो, सुसू. मोठ्या हापिसातनं येत्यात." चीफला म्हातारीला नुसतं घालवायचं जिवावर आलं. गावात सगळ्यांची बाळंतपणं तिनं केलेली, त्याच्या आईचंसुद्धा. डोकं खाजवून म्हणाला, "असं करू. तू वडीलधारी. सुरुवातीची प्रार्थना तू कर. मान तुझा."

सुसूनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "प्रार्थना करू म्हणतोस?"

"कर की. मनापासनं कर."

"मनापासनंच करते, बाळा."

आमच्याकडं प्रार्थनेशिवाय सभा सुरू होत नाही आणि प्रार्थनेशिवाय उठत नाही. शेळ्यांच्या लसीची सभा असो नाहीतर चोर पकडल्याची. आणि एकदा प्रार्थना सुरू झाली की टोप्या काढायच्या, डोळे मिटायचे, नि आमेन होईस्तोवर कुणी हालायचं नाही. मधेच तोंड घालील त्याला गावात कुणी चहा पाजायचं नाही.

सभेच्या दिवशी शाळेच्या मैदानात किलुंदूनं पांढरा तंबू ठोकलेला. कडेला पावाच्या पिशव्या आणि सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट. ते सभा संपल्यावर, असं मेव्हणा चार-चारदा सांगत होता. परवाना देणाऱ्या मॅडम चेरोप आल्या. बारीक अंगाची, चष्म्याची बाई. शेजारी टिपणं घेणारा कारकून. तज्ज्ञ नव्या बुटांत. मी मालकियाला लांब कुंपणाला बांधलेली. पुन्हा तिच्या तोंडाशी कुठली पेटी यायला नको.

चीफ छाती काढून उभा राहिला. "मॅडम, पाहुणे मंडळी! प्रार्थनेनं सभा सुरू होत आहे असं जाहीर करतो. सुसू कावाता!"

सुसू उठली. टोप्या उतरल्या. डोळे मिटले. मी एक डोळा किलकिला ठेवला, खोटं कशाला बोलू.

"देवा," सुसू म्हणाली, "तू ही टेकडी दिलीस, तिच्या पोटातनं पाणी दिलंस. आमेन म्हणा रे."

"आमेन!" सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्यानं किलुंदू. चर्चला पत्रे त्यानं दिलेले, तिथं पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं आमेन म्हणायची सवयच त्याला.

"देवा, ह्यो किलुंदू जन्मला ते दुष्काळाचं साल तुला आठवतंय. शेळ्या उभ्या उभ्या मेल्या. तरी त्याला पहिली आंघोळ मी ह्याच झऱ्याच्या पाण्यानं घातली. त्या साली झरा आटला न्हाय, पुढंबी कधी आटला न्हाय. आमेन?"

"आमेन!" किलुंदूच्या तोंडातनं निघून गेलं. मग त्याचे डोळे मिटल्या मिटल्याच वळवळायला लागले.

"आणि देवा, त्या पांढऱ्या बुटाच्या लेकराला माफ कर. आग ओतणाऱ्या उन्हाळ्यात आलं, आणि ह्याच झऱ्यावर दोन तांबे पाणी प्यालं. आणि मग लिहिलं, झरा पावसापुरता! लेकराला उन्हानं भोवळ आली असंल."

तंबूत कुणीतरी खोकून हसू गिळलं. चीफला घाम फुटला. त्याला एकच उपाय सुचला. "आमेन!" तो जोरात ओरडला, प्रार्थना संपली असं दाखवायला.

"आमेन!" अख्खं मैदान गरजलं.

"आमेन," सुसू शांतपणे म्हणाली, "चीफबी साक्षीला आहे, देवा. आणि त्या गाढवीलाबी माफ कर. आवाज मोजायची पेटी हिच्या तोंडाशी ठेवून ह्यो गाडीत झोपला. तिनं आपल्या पोटातलं सांगितलं, ह्यानं ते गावाचं म्हणून लिहिलं. देवा, आमी इतकं वरडत असतो तर आमचं कवाच कुणीतरी ऐकलं असतं न्हवं?"

ह्या वेळी आमेन जरा हळू आलं. मी पाहिलं, मॅडम चेरोप डोळे मिटूनच कारकुनाला कोपरानं ढोसत होत्या. कारकून बिचारा एका डोळ्यानं प्रार्थना आणि एका डोळ्यानं टिपण करत होता.

शेवटी सुसू खाली बसली. चीफनं रुमालानं तोंड पुसलं आणि मेव्हण्याला उभं केलं.

"मी गावाच्या वतीनं सांगतो," मेव्हणा पाठ केलेलं म्हणायला लागला, "की झरा हंगामी आहे आणि..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता तुम्ही आमेन म्हणालात ना? झरा कधी आटत नाही, याला?"

"म्हणालो."

"मग खरं कुठलं?"

"मॅडम, ते... ते देवाला सांगितलं."

"आणि हे मला सांगताय."

मेव्हणा बसला. असा बसला की खुर्चीच कुरकुरली. जेवणाच्या कंत्राटवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, "माझं काय न्हाय, मॅडम. सोडा गरम व्हायलाय, येवढंच."

किलुंदू ताडकन उठला. "मॅडम, प्रार्थना म्हणजे काय पुरावा झाला? ते सभेच्या आधीचं!"

"चीफ," मॅडमनी विचारलं, "सभा कधी सुरू झाली?"

चीफनं किलुंदूकडं पाहिलं, सुसूकडं पाहिलं, वर तंबूकडं पाहिलं. "प्रार्थनेनं," तो पुटपुटला.

"तुम्हीच जाहीर केलंत. म्हणजे जे बोललं गेलं ते सभेत बोललं गेलं." मॅडमनी चष्मा पुसला. "झऱ्याचं पाणी पुढचा सगळा कोरडा हंगाम मोजायचं. आवाज परत मोजायचा, आणि जनावर लांब बांधून. तोवर परवाना नाही. सुरुंग तर नाहीच नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती माणसं सरळ बसली, पाठीवरचा कॅन उतरवल्यासारखी.

पण सभा उठवायला प्रार्थना हवी! चीफ घाबरून इकडंतिकडं बघायला लागला. सुसूनं काठी हातात घेतलीच होती, तेवढ्यात किलुंदू पुढं झेपावला. "मी करतो! मी!"

डोळे मिटले. टोप्या उतरल्या.

"हे परमेश्वरा," किलुंदू खणखणीत आवाजात म्हणाला, "आमच्या अडाणी लोकांना समज दे. त्यांना विकास कळू दे. माझी मशीन ह्या टेकडीवर लवकर चालू दे. आमेन!"

मैदानभर माणसं डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसलेली. किलुंदू थांबला. परत म्हणाला, "आमेन?"

आणि लांब कुंपणापासनं मालकियानं गळा फाडून ओ दिली.

मग मात्र मैदानात जे हसू उसळलं त्यात मॅडमचा चष्माच खाली पडला. तज्ज्ञ एकटा आपल्या बुटांकडं बघत होता.

संध्याकाळी मी कॅन घेऊन झऱ्याकडं निघालो. मालकियाला मागंच ठेवली होती, म्हातारीचा हुकूम होता ना. सुसू वाफ्यात उकिडवी बसलेली, किलुंदूचा पाव चहात बुडवत.

"एकटा का आलास रं?"

"तूच म्हणालीस ना, तिला आणू नको."

"मी म्हणाले?" सुसूनं राहिलेला अर्धा पाव बाजूला काढला, वर सुकुमाची चार कोवळी पानं खुडून ठेवली. "जा, घेऊन ये माझ्या लेकीला. अख्ख्या सभेत त्याच्या प्रार्थनेला तेवढीच आमेन म्हणाली. उपाशी कशी ठेवू?"