माझा वाकडा पाय आणि पार्वतामायची पाटली

मी एक जुना पुलर आहे, मित्रांनो. नाव ऐकून तुम्ही डोके खाजवाल, म्हणून आधी माझे रूप सांगतो. मला तीन पाय आहेत आणि मधोमध एक जाड स्क्रू. मोठ्या यंत्राच्या दांड्यावर एक लोखंडी कडे घट्ट बसवलेले असते, त्याला बेरिंग म्हणतात. ते झिजले की माझे तीन पाय त्याच्या मागे अडकवतात, स्क्रू दांड्याच्या टोकाला टेकवतात आणि पान्याने फिरवतात. मग बेरिंग कितीही हट्टी असो, निमूट माझ्या मागे येते. एके काळी माझे तिन्ही पाय सरळ होते. आता एक वाकडा आहे, आणि त्याचीच ही गोष्ट.

धुळ्याच्या छगन टर्नरने मला एका मोडक्या ट्रकच्या लोखंडातून घडवले. माझे मालक लोटन मिस्तरी. सगळे त्यांना नाना म्हणत. जिनिंगची यंत्रे, उसाचे चरक, जुने पंप, सगळीकडे मी नानांच्या खांद्यावरून फिरलो. खंडेनवमीला पहिले हळदीकुंकू मला लागायचे. शेजारी हातोडा बसलेला असायचा, त्याच्याकडे मी मुद्दाम पाहत नसे. नानांचा एकच नियम होता : आधी रॉकेलने धुवा, मग धरा.

सन सत्त्याऐंशी असावे. साक्री तालुक्यात डोंगरातल्या सागपाडे गावाला सडक होत होती. रोड रोलर चालवत होता झिपरू. वीस वर्षे त्याने दुसऱ्यांच्या गावच्या सडकांवर रोलर फिरवला होता. या खेपेला सडक त्याच्या स्वतःच्या गावाची होती. त्याची आई पार्वतामाय गुडघ्यांनी अधू. एसटी गावात येत नव्हती आणि मायला एसटीपर्यंत चालवत नव्हते. साठी उलटली तरी तिने धुळे पाहिले नव्हते. झिपरूने तिला शब्द दिला होता, "माय, आते एसटी आपला दारमा येई."

आणि शेवटचा फर्लांग उरला असताना रोलरचे बेरिंग फुटले. ठेकेदाराचा निरोप आला : उद्या दुपारपर्यंत रोलर हलला नाही, तर डांबर आणि माणसे दुसऱ्या कामावर जातील. मग सागपाड्याचा नंबर पुन्हा कधी लागणार, ते देवालाच ठाऊक. झिपरू तडक धुळ्याला गेला आणि नानांना घेऊन आला. अर्थात मलाही.

झिपरूचा उतरलेला चेहरा पाहून नानांनी घाई केली. दांड्यावर वीस वर्षांचे ग्रीस आणि धूळ दगडासारखी जमली होती. ती न धुताच त्यांनी मला अडकवले. पाना फिरवला. बेरिंग ढिम्म. पान्याला पाइप लावून दोघे लोंबकळले. माझा स्क्रू कण्हू लागला आणि एक पाय कर्रकन वाकला. त्या वेळी मला दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. झिपरू घण आणायला निघाला.

पार्वतामाय मोहाच्या झाडाखाली बाजेवर बसून सगळे बघत होती. काठी टेकत ती जवळ आली आणि वाकून म्हणाली, "भाऊ, याना म्होरे काय चमकी ऱ्हायनं?"

माझा पाय वाकताना ग्रीसचा एक पोपडा उडाला होता. आत एक बारीक कडी चमकत होती. मायने आपला हात पुढे केला. हातात काचेच्या बांगड्या आणि त्यांच्या पुढे चांदीची पाटली. "मन्ही बांगडी काढनी व्हई, तं आधी म्होरली पाटली काढनी पडस. तुम्ही तं बांगडीलेच वढी ऱ्हायनात."

ती लॉक-रिंग होती, मित्रांनो. बेरिंग घसरू नये म्हणून पुढे खाचेत बसवतात. ती न काढता दहा पुलर लावले तरी बेरिंग निघणार नाही. नाना ओशाळून हसले. "बठ्ठासले सांगस मी, आधी धुवा, मंग धरा. आज मीच इसरनू."

झिपरूने घण खाली ठेवला. दांडा धुतला, रिंग काढली आणि मी वाकड्या पायानिशी पुन्हा चिकटलो. टण्ण असा आवाज झाला आणि बेरिंग सुटले.

नानांनी धुळ्याहून आणलेले नवे बेरिंग बसवायला गावातली लग्नाची मोठी कढई आणून तीत मशीनचे तेल तापवले आणि बेरिंग बुडवले. जमलेल्या बाया म्हणाल्या, धूर निघू द्या. नाना म्हणाले, "भजी तयानी नहीत, बाई." त्यांनी बेरिंगवर पाण्याचा थेंब टाकला. तो चर्र करून उडाला, तेवढी उष्णता पुरे होती. तापून फुगलेले बेरिंग गोणपाटात धरून त्यांनी एका दमात आत सारले, कारण मध्येच थांबले तर ते तिथेच आवळून बसते. सुळकन जागेवर गेले. माय म्हणाली, "गयी पोर नांदाले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रोलर चालू लागला. त्या आनंदात नाना मला विसरूनच धुळ्याला परतले आणि मी मोहाखाली राहिलो. सडक पुरी झाल्यावर झिपरू रोलर घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेला आणि कोणीतरी मला उचलून त्याच्या घरी नेले, उलटे केले आणि माझ्या पायांवर पाण्याचा माठ ठेवला. अकरा महिने माझ्या स्क्रूवर पाणी ठिबकले. मी गंजलो. फार वाईट वाटायचे. एसटी रोज दारात यायची, पण माय काही चढत नव्हती. "कामशिवाय का जावानं?" म्हणायची.

दिवाळीला झिपरू घरी आला आणि माठाखाली मला पाहून चपापला. मायने मला पुसले, खोबरेल चोळले, जुन्या लुगड्यात बांधले आणि म्हणाली, "मीच ली जास." तिला काम मिळाले होते.

कंडक्टरने विचारले, गाठोड्यात काय आहे? माय म्हणाली, "लंगडं लेकरू शे. दवाखानामा ली जास." धुळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा एक हात माझ्यावर होता.

नानांनी माझा गंज काढला, पण पाय सरळ केला नाही. मला कुठेही लावण्याआधी ते त्या पायावर बोट ठेवून स्वतःलाच विचारतात, "पाटली देखी का?"

मित्रांनो, एखादी गोष्ट हलत नसेल तर जोर लावण्याआधी नीट बघा. आणि काम झाल्यावर अवजार पुसून, तेल लावून जागेवर ठेवा. त्याला गंजू देऊ नका. एखाद्या मायला धुळे दाखवायचे काम अजून त्याच्या नशिबात असेल.