पटावरची पंचविसावी

ठकी गेली तेव्हा शाळेच्या पटावर पंचवीस मुलं होती.

हजेरीपटावर तिचं नाव चांगलं लांबरुंद होतं, पण ते फक्त मोठ्या बाईंना आणि सरकारला ठाऊक. बाकी सगळे तिला ठकीच म्हणायचे. आठ वर्षांची, तिसरीतली, समोरचे दोन दात पडलेले आणि तरी तोंडाची टकळी दिवसभर चालू. सोमवारी अंग तापलं, बुधवारी दवाखान्यात नेलं, शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी मान हलवली. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

तिची आई त्याच शाळेत स्वयंपाक करायची. मुलं तिला मावशी म्हणत, बाईही मावशीच म्हणत, आणि पाच वर्षांत ती सगळ्या वस्तीचीच मावशी होऊन बसली होती. वर्गाला लागून एक खोली, त्यात दोन शेगड्या, मोठी पातेली, भिंतीतल्या फळीवर ओळीनं मांडलेले स्टीलचे पेले. दुपारचं जेवण आणि त्याआधी छोट्या सुट्टीतलं दूध, एवढं तिचं काम. ठकीला वाटायचं, शाळा आपल्या आईच्याच मालकीची आहे, आणि त्याच तोऱ्यात ती वावरायची.

दूध मात्र तिला मुळीच आवडायचं नाही. साय दिसली की नाक मुरडायची. आईची पाठ वळली की पेला मैत्रिणीकडे सरकवायची आणि बदल्यात खोडरबर घ्यायची. त्या सोमवारीही म्हणाली होती, "आई, आज नको ना. पोटात कसंतरी होतंय."

"सरकार फुकट देतंय आणि महाराणींचे नखरे बघा! पी मुकाट्यानं."

ठकीनं नाक दाबून पेला रिकामा केला. पुढे डॉक्टरांनी दहादा सांगितलं की दुधाचा काही संबंध नाही, ताप मेंदूत गेला होता. पण आईच्या मनाची समजूत कोण घालणार?

अठरा दिवस मावशी घराबाहेर पडली नाही. एकोणिसाव्या दिवशी उठून शाळेत गेली, कारण नवरा लाकडाच्या वखारीत कामाला गेला की घर तिला खायला उठायचं. तिच्या जागी तात्पुरती आलेली बाई भात करपवून ठेवायची. मावशीनं पातेल्याचं बूड बघितलं आणि काही न बोलता ते घासायला घेतलं.

साडेदहा वाजता भिंतीपलीकडे हजेरी सुरू झाली. मोठ्या बाई नावं घेत नसत, नंबर घेत.

"नऊ."

"हजर, बाई."

"दहा."

"हजर, बाई."

"अकरा."

अकरा म्हणजे ठकी. मावशीचा हात पातेल्यातच थांबला. मग बाईंचा आवाज आला, "बारा."

सवय जाता जात नाही, मावशीला वाटलं. बाई चुकून बोलून गेल्या असतील.

छोट्या सुट्टीत तिनं दूध वाटलं. गवळी पटाप्रमाणे मापून पाच लिटर घालायचा, माणशी एक पेला. त्या दिवशी झाडून सगळी मुलं आली होती. चोवीस पेले भरले आणि एक पेलाभर दूध उरलं. गवळ्याला अजून कळलं नसेल, असं म्हणून ती बाईंकडे गेली.

"बाई, गवळ्याला सांगायला हवं. एक पेला जास्त येतंय."

मोठ्या बाई पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या, खडूनं बोटं पांढरी झालेल्या. त्यांनी मुलांना बाहेर पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, मी गवळ्याला सांगितलेलं नाही. पटावरून नावही काढलेलं नाही." त्यांनी हजेरीपट उघडला नाही, त्यावर नुसता हात ठेवला. "पंचवीसच्या खाली पट गेला की दुधाचं अनुदान बंद. जेवण चालू राहतं, दूध नाही. आपण आधी दूध घ्यायचं, महिनाअखेरीला तक्ता पाठवायचा, मग सरकार पैसे देणार. तक्त्यात चोवीस लिहिलं की संपलं. धरणाकडच्या रस्त्याचं काम सुरू होतंय, मजुरांची वस्ती पडेल, त्यांची मुलं आपल्याकडेच येतील. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. फार तर तीन."

मावशीला आधी काही उमगेचना. मग हळूहळू उमगलं.

"तुम्ही ठकीच्या नावापुढे काय लिहिता?"

"हजर."

"माझ्या मेलेल्या पोरीच्या नावावर दूध आणता?"

बाईंनी मान खाली घातली. "हो. तुम्हाला विचारणारच होते. धीर झाला नाही."

मावशी तशीच फिरली आणि शेगडीपाशी गेली. दोन दिवस ती बाईंशी चकार शब्द बोलली नाही. भाजीत मीठ आहे की नाही एवढंही विचारलं नाही. हजेरीच्या वेळेला मुद्दाम भांडी आपटायची, म्हणजे पलीकडचं ऐकू येऊ नये.

तिसऱ्या दिवशी ती पेले गोळा करत होती. वीटभट्टीवरून येणारी दुसरीतली एक मुलगी पेला द्यायला तयार होईना. आत बोट फिरवून ते चाटत उभी होती. घरून सकाळी काय खाऊन आलीस, असं मावशीनं विचारलं, तर पोरगी म्हणाली, "इथे येऊनच खाते." मावशीनं उरलेलं दूध तिच्या पेल्यात ओतलं. ती ते घटाघट प्यायली, ओठांवर पांढरी मिशी आली आणि स्वतःशीच खुदकन हसली.

मावशी त्याच पावली वर्गात गेली. "राहू द्या नाव," म्हणाली.

हे झालं लोकांना सांगण्यासारखं कारण. दुसरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नाही. आता साडेदहा वाजायच्या आधी ती शेगडी बारीक करायची, हात पुसायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची. "अकरा," असं बाई म्हणायच्या. उत्तर यायचं नाही, ते तिला ठाऊकच होतं. पण जगात एक तरी जागा होती जिथे रोज तिच्या लेकीला कुणी हाक मारत होतं. घरात नवरा ठकीचा विषय निघाला की उठून बाहेर जायचा. शेजारणी तिच्यासमोर आपापल्या मुलींना हाका मारायला कचरायच्या. सरकारच्या लेखी मात्र ठकी अजून शाळेत येत होती, दूध पीत होती. तेही कुरकुर न करता, असं मनात येऊन मावशीला एकदा हसू आलं.

महिनाअखेरीला तक्त्याखाली स्वयंपाकिणीची सही लागायची. 'पटावरील पंचवीस मुलांना रोज दूध दिले.' पहिल्या महिन्यात सही करायला तिनं संध्याकाळ केली. दुसऱ्या महिन्यात उभ्याउभ्याच करून टाकली.

आणि रस्त्याचं काम काही सुरू होईना. आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता तिसरा महिना लागला.

घात झाला तो भलत्याच वाटेनं. ठकीचे बाबा म्हणजे सरळ रेषेत चालणारा माणूस. शिधापत्रिकेवर गेलेल्या माणसाचं धान्य घेणं बरं नाही, म्हणून वखारीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून ते कचेरीत गेले, मृत्यूचा दाखला दिला आणि लेकीचं नाव कमी करून आले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "करून आलो." त्या कचेरीतल्या कॉम्प्युटरनं सगळ्या याद्या एकमेकींशी ताडून बघितल्या, आणि एक नाव एकीकडे गेलेलं, दुसरीकडे रोज दूध पिणारं निघालं.

तपासनीस आला तो तरुण होता, बोलायला मऊ. आला तोच पाणी मागून प्यायला. मग वर्गात उभं राहून त्यानं मुलं मोजली, हजेरीपट मागितला, आणि पिशवीतून एक कागद काढून बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मावशीला बोलावणं आलं. ती पदराला हात पुसत आली.

"मावशी, या तक्त्यांवर सही तुमचीच ना?"

"हो."

"अकरा नंबरची मुलगी रोज दूध प्यायली, असं तुम्ही लिहून दिलंय. ही मुलगी कोण, माहीत आहे तुम्हाला?"

"माझी आहे," मावशी म्हणाली. "माझी लेक."

तपासनिसाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यानं बाईंकडे बघितलं. बाई खिडकीकडे बघत होत्या. बाहेर ओट्यावर पाठवलेल्या मुलांचा पाढ्यांचा सूर तेवढा चालू होता.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "तुमच्याकडून जबरदस्तीनं सही घेतली असेल, तर तसं लिहू या. तुमच्यावर काही यायचं नाही."

"हो, तसंच लिहा," बाई पटकन म्हणाल्या. "मीच करायला लावलं."

"खोटं आहे ते," मावशी म्हणाली. "बाईंनी विचारलं, मी हो म्हटलं. पोरांचं दूध तुटू नये म्हणून. अन्…" पुढचं तिनं गिळलं.

तपासनिसानं जबाब लिहायला घेतला. त्याचा नियम असा, की जबाब देणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि त्यानं शब्दाला शब्द उतरवायचा. "मुलीचं काय झालं, कधी झालं, ते सांगा," तो जरा अपराध्यासारखा म्हणाला.

मावशीनं तोंड उघडलं. तीन महिन्यांत ती 'ठकी असती तर' म्हणाली होती, 'तेव्हापासून' म्हणाली होती, 'ते झालं त्या दिवशी' म्हणाली होती. सरळ वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

"माझी मुलगी," ती म्हणाली आणि थांबली. मग तारीख सांगितली. वार सांगितला. "त्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता माझी मुलगी मेली."

त्यानं ते लिहिलं, तिला वाचून दाखवलं. तिनं खाली सही केली. मग ती स्वयंपाकाच्या खोलीत गेली, शेगडी बंद केली आणि तिथेच भुईवर बसून मोठ्यानं रडली. एवढ्या मोठ्यानं, की बाहेरचे पाढे बंद पडले. दवाखान्यात ती रडली नव्हती, घरी रडली नव्हती. त्या दिवशी मुलांचं जेवण बाईंनी वाढलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडेल, निदान बोल तरी लावेल, असं तिला वाटलं होतं. तो बूट काढता काढता ऐकत राहिला. एक बूट हातात तसाच.

"रोज नंबर घ्यायच्या?" त्यानं विचारलं.

"रोज."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "मीही आलो असतो एखाद्या दिवशी. भिंतीपाशी उभा राहिलो असतो."

कचेरीचा निकाल यायला दीड महिना गेला. बाईंची वेतनवाढ रोखली, दुधाचे पैसे त्यांच्या पगारातून कापायचं ठरलं, आणि लांबच्या डोंगराळ भागात बदली झाली. मावशीला ताकीद मिळाली. एवढ्या पगारात दुसरी कुणी मिळणार नाही, हे कचेरीलाही ठाऊक असावं. दूध त्याच आठवड्यात बंद झालं. आणि नेमकं त्याच्या पुढच्या सोमवारी रस्त्याचं काम सुरू झालं. मजुरांची चार मुलं शाळेत दाखल झाली, पट अठ्ठावीसवर गेला. पण एकदा बंद झालेलं अनुदान नव्या वर्षाशिवाय सुरू होत नाही. छोट्या सुट्टीत मुलं सवयीनं खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. मावशी त्यांना पाणी द्यायची.

बाई निघाल्या त्या दिवशी मावशी आणि ठकीचे बाबा दोघंही एस्टीच्या थांब्यावर गेले. बाबांनी बाईंची ट्रंक खांद्यावर घेतली होती. गाडीला वेळ होता. तिघं बाकावर बसले, मध्ये बाई.

"नव्या वर्षाचा दुधाचा अर्ज भरून ठेवलाय," बाई म्हणाल्या. "नव्या बाईंना तारखेची आठवण करा. आणि मावशी, तुमची माफी मागायची राहिली."

"राहू द्या हो, बाई."

बाबा घसा खाकरून म्हणाले, "बाई, एक विचारू? हजेरीच्या वेळी… ती कशी म्हणायची? हजर म्हणताना?"

मावशीनं चमकून नवऱ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यानं लेकीबद्दल आपण होऊन काही विचारलं नव्हतं.

"पहिल्या हाकेला कधीच नाही," बाई म्हणाल्या. "शेजारणीशी गप्पा चालू असायच्या ना! दोनदा अकरा म्हणावं लागायचं. मग अशी दचकून उभी राहायची आणि ओरडायची, 'आहे, आहे!' हजर म्हण गं, म्हटलं की म्हणायची, 'बाई, दात नाहीत, हजरचं हवल होतं.'"

बाबा हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मग त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कुणाला कळलंच नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मावशीनं बाईंच्या पाठीमागून हात नेऊन नवऱ्याच्या पाठीवर ठेवला.

गाडी आली. कंडक्टर घाई करायला लागला. बाबांनी डोळे पुसले, ट्रंक उचलली आणि बाईंच्या सीटखाली नीट सरकवून दिली.