संशयास्पद व्यवहार: एकशे सोळा

आवृत्ती १.०

यात नवीन: सगळंच.

नऊ वर्षं दुसऱ्यांच्या बँकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त केल्यावर मी नोकरी सोडली आणि पैसे पाठवायचं स्वतःचं अ‍ॅप काढलं. कंपनीत दोन माणसं. मी कोड लिहितो. बायको बाकीचं सगळं बघते, शिवाय नोकरीही करते, कारण घरात कुणीतरी पगार आणावा असं तिचं मत आहे.

किमान रक्कम एक रुपया. सोबत साठ अक्षरांचा निरोप लिहिता येतो.

माहीत असलेल्या अडचणी: ग्राहक नाहीत.

आवृत्ती १.१

नातेवाइकांना फोन करकरून दोनशे बारा ग्राहक झाले. त्यांत बाबा आणि काका. सख्खे भाऊ. दोघांचं मिळून एक वर्कशॉप होतं. अकरा वर्षांपूर्वी काकाने न विचारता लेथ मशीन विकलं. तेव्हापासून बोलणं बंद.

आवृत्ती १.२

निरोपाची मर्यादा साठवरून एकशे वीस अक्षरं. मागणी एकाच ग्राहकाची, पण जोरात.

"साठ अक्षरांत तुझ्या काकाचे गुण मावत नाहीत," बाबा म्हणाले.

ग्राहकांचे निरोप आम्ही वाचत नाही. हे दोन वाचले. मंगळवारी १०.४२ला काकाने बाबांना किमान रक्कम पाठवली: 'लेथ भंगार झालं होतं.' १०.४३ला बाबांनी तीच परत पाठवली: 'भंगार कोण ते जगाला ठाऊक आहे.'

महिनाअखेर रोजचे एकशे नव्वद व्यवहार होऊ लागले. त्यांतले एकशे सोळा या दोघांचे.

आवृत्ती १.३

गुंतवणूकदार बाईंना आकडा आवडला. "इतके कमी ग्राहक आणि इतका वापर? काहीतरी जमलंय तुम्हाला." गुरुवारी पैशांचं नक्की करू म्हणाल्या. अट एकच: त्याआधी गैरव्यवहार पकडणारा नियम हवा. आणि सगळ्या नोंदी त्यांना दिसायला हव्यात.

मी एका दुपारीत लिहिला. दोन खात्यांत तीच रक्कम दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा इकडून तिकडे गेली, तर दोन्ही खाती गोठवायची. मोकळी करायची तर दोघांनी एकत्र कार्यालयात यायचं आणि नातं, कारण लिहून सह्या करायच्या.

सोमवारी नऊला नियम लागू झाला. ९.३७ला दोन खाती गोठली.

"तू चाचणी कुणावर केलीस?" बायकोने विचारलं.

"चोरांवर."

"सासऱ्यांवर नाही?"

"त्यांना वगळू का?"

"वगळलंस की नोंद होणार. बाई पहिलं तेच विचारतील."

हे दोघे आले नाहीत, तर गुरुवारी दाखवायला आकडा नव्हता. मी बाबांना फोन केला. मग काकाला. दोघांनीही एकच विचारलं: तो येणार आहे का?

आवृत्ती १.४

कार्यालय म्हणजे आमची बाहेरची खोली. बुधवारी अकराला दोघं आले.

"याला सांग, खिडकीकडची खुर्ची माझी," बाबा मला म्हणाले.

"याला म्हणावं, उचलून घरी ने," काका मला म्हणाला.

"काका, चहा घेणार?" बायकोने विचारलं.

"याच्यासारखा कडू नको."

फॉर्म. नातं: काकाने लिहिलं, सख्खा भाऊ. बाबांनी लिहिलं, माजी भागीदार. स्क्रीन लाल झाली. दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही. हेही मीच लिहिलं होतं.

पंचवीस मिनिटांनी 'भाऊ' ठरलं. 'सख्खा' बाबांनी काढायला लावलं.

कारण: काकाने लिहिलं, लेथ.

"लेथ नाही," बाबा म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून नाही. "विचारलं नाहीस, हे कारण."

"दादा, तू इस्पितळात होतास. वर्कशॉपातल्या पोरांचे तीन पगार थकले होते. तुझ्या नळ्या बाजूला करून विचारायचं होतं?"

"नंतर सांगायचंस."

"नंतर तू बोलतच नव्हतास."

एकमेकांना गेलेल्या चार हजार निरोपांत हे कुठेच नव्हतं. मी नंतर शोधून पाहिलं.

कारण म्हणून शेवटी 'घरगुती' लिहिलं. सह्या झाल्या, खाती मोकळी झाली. दोघं एकाच जिन्याने उतरले. खाली जाईपर्यंत आवाज येत होता.

आवृत्ती २.०

ही निघाली नाही.

"एकशे नव्वद होते ना?" गुरुवारी बाई म्हणाल्या. "काल चौऱ्याहत्तर."

"दोन ग्राहक आता प्रत्यक्ष बोलतात."

"बाकीच्यांचंही असंच होईल?"

मी खरं ते सांगितलं. बाकीचे मुळात भांडलेलेच नव्हते.

त्यांनी लॅपटॉप मिटला. "तुमच्या घरच्यांसाठी बरं वाटलं. पण यात पैसे नाही घालता येणार."

घरी आलो तर बाहेरच्या खोलीत दोघं बसले होते. काका टेबलावर बोट आपटत होता, बाबा त्याच्यावर ओरडत होते. बायको म्हणाली, सकाळपासून हेच. मी दारात चपला काढून उभा राहिलो. सांगायला फट मिळेना.

"काय रे, काय झालं?" शेवटी बाबांचं लक्ष गेलं.

"नाही म्हणाल्या."

"का?" काकाने विचारलं.

"तुमच्यामुळे."

"आम्ही काय केलं?" दोघं एकदमच म्हणाले. मग आधी कोण म्हणालं यावरून जुंपली.