डिझेल कोण प्यायलं?

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी आहे. पडेगावच्या काकासाहेबांनी मला शोरूममधून घरी आणलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने, भागूबाईंनी, माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. लग्न असो की दवाखाना, गावात कुणालाही नड पडली की माझंच नाव निघे. तेव्हा माझी ऐट काय सांगू!

मला चालवायचा बिभीषण. त्याचे वडील दौलताबादच्या डोंगराकडे मेंढरं राखायचे. बिभीषण मलाही मेंढरासारखाच जपे. लांबून आल्यावर तो इंजिन लगेच बंद करत नसे. "दम खाऊ द्या तिला," म्हणे. आणि मी खरोखरच दम खाई.

एका उन्हाळ्यात माझा दमच गेला. टर्बो म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा; त्यातली हवा इंजिनाकडे नेणारा एक जाड रबरी पाईप माझ्या पोटात आहे. त्याला खालच्या बाजूने चीर पडली. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नसे. ॲक्सिलरेटर दाबला की चीर उघडे, हवा बाहेर पळे, आणि हवा कमी पडल्याने डिझेल अर्धवट जळून मागे काळा धूर सुटे. चढाला मी कण्हत असे. पैठणला जाऊन आलं तरी टाकीत उरायचं, ते डिझेल आता परतीच्या वाटेतच सरू लागलं.

बिभीषणच्या हे लगेच ध्यानात आलं.

"काकासाहेब, गाडी ओढत नाय. जोर दिला की खालून सूं सूं आवाज येतोय. हवेचा पाईप फुटला असंल. एकदा गॅरेजला दाखवू."

"पाईप फुटला का तुझी नियत फुटली?" काकासाहेब म्हणाले. "गाडी तीच, रस्ता तोच. मग डिझेल जातंय कुठं?"

पुतणीच्या, सोनियाच्या साखरपुड्याला अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. तिथंच काकासाहेबांनी बिभीषणला पुढं बोलावलं.

"हात पुढं कर. वास घ्या रे ह्याच्या हाताचा. डिझेलचा येतोय का नाय?"

ड्रायव्हरच्या हाताला डिझेलचा वास येणारच. पाहुणे हसले. एकाने तर नाक मुरडून दाखवलं. तेवढ्यावर भागलं नाही. काकासाहेबांनी आपल्या मुलाला, अतुलला, बिभीषणच्या घरी धाडलं. अतुलने घर उचकलं आणि एक कॅन उचलून आणला. मागोमाग बिभीषणची बायको रत्नमाला धावत आली. "दादा, त्यात पाणी हाय. प्यायचं पाणी हाय," ती सांगत होती. काकासाहेबांनी कॅन तिच्यासमोरच मातीत उपडा केला. पाणीच निघालं.

"म्हंजे डिझेल विकून मोकळा झाला," ते म्हणाले.

बिभीषणने माझी चावी ओट्यावर ठेवली. "लेकराची आन घेतो काकासाहेब, थेंबसुदिक घेतला नाय." कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी तिथंच उभी होते, चीर पोटात घेऊन. मला वाचा नव्हती.

मग अतुल मला चालवू लागला. तरी मी तितकंच डिझेल पीत राहिले. शेवटी त्याने मला उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजमध्ये नेलं. काकासाहेब सोबत होते. मिस्त्री राजेंद्रने बॉनेट उघडून अतुलला रेस द्यायला सांगितली. मग पाईपाखाली हात घातला. हात तेलकट झाला, हवेचा झोत बोटांना लागला.

"लई दिवसांचं फाटलंय हे. ओढंल कशी? डिझेल तर खाणारच."

अतुल खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, बिभीषण हेच सांगत होता. बोलवायचं का त्याला?"

"कशाला?" काकासाहेब म्हणाले. "सगळ्या पाहुण्यांसमोर चोर म्हटलंय मी. आता नाय म्हटलं तर माझी काय इज्जत राहील? तू बी गप राहा."

नवा पाईप बसला. माझा दम परत आला. धूर थांबला, डिझेल पुरू लागलं. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण तो चार माणसांसमोर नासला.

पडेगावच्या फाट्यावर बिभीषण दुसऱ्याची शेरडं राखत होता. चोर म्हटल्यावर त्याच्या हाती गाडी कोण देणार? चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो, तसा तो काचेजवळ आला.

"गाडी नीट झाली म्हणं, काकासाहेब?"

त्याच्या आवाजात आशा होती. टपरीवरची माणसं ऐकू लागली.

"झाली ना," काकासाहेब मोठ्यानं म्हणाले. "तू गेलास अन् डिझेल पुरायला लागलं. आता अजून काय पुरावा पायजे?"

माणसांनी माना डोलावल्या. अतुल स्टिअरिंगकडे बघत राहिला. बिभीषणने एकदा माझ्या बॉनेटकडे पाहिलं आणि शेरडांमागे निघून गेला.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी ओढेनाशी झाली, जास्त डिझेल पिऊ लागली, तर आधी तिचं बॉनेट उघडा. माणसावर आळ घेण्याची घाई करू नका. मला नवा पाईप मिळाला. त्या दिवशी पुढचा चढ मी एका दमात चढले, आणि बंद पडावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.