अकरा सेकंद

बाबांनी चमचा ताटावर आपटला की घरातल्या प्रत्येकाने हातातले टाकून दाराबाहेर पळायचे, हा आमच्याकडचा नियम माझ्या जन्माआधीचा. बाबा सात वर्षांचे असताना त्यांच्या घराला आग लागली. त्यांची आई दागिन्यांचा डबा घ्यायला मागे वळली, ती बाहेर आलीच नाही. पुढे आयुष्यभर बॉयलरवर काम करताना बाबा कधी बेसावध राहिले नाहीत आणि घरातही त्यांनी कोणाला राहू दिले नाही. लहानपणी मी एकदा बाहुलीसाठी परत फिरले, तेव्हा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली आणि लगेच मला पोटाशी धरून रडले. त्या रडण्यापायी मी त्यांना तीस वर्षे माफ करत आले.

मंगळवारी शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि माझी सहा वर्षांची मुलगी भिंगरी वर्गातून निघाली ती थेट फाटकाबाहेर, रस्त्याच्या मधोमध. तसल्या खणखणाटाला पळायचे, एवढेच तिला घरी शिकवलेले. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक दाबला.

"पोरगी वाऱ्यासारखी पळते हो ताई," रखवालदार म्हणाला. "शर्यतीत घाला तिला. पण फाटकाच्या आतल्या."

मला हसू आले नाही.

संध्याकाळी ताटे मांडतानाच मी बाबांना सांगितले, "आजपासून हे बंद."

"अकरा सेकंदांत बाहेर पडते ती. तुला पंधरा लागायचे."

"आज ती ट्रकखाली गेली असती, बाबा."

"आणि आग लागली म्हणजे? तेव्हा माझ्या नावाने बोंब मारशील."

"लागली तर मी तिला उचलून बाहेर नेईन. तोवर ती बसून जेवेल."

त्यांनी एक घास घेतला, अर्धवट चावला आणि चमचा आपटला.

भिंगरी उठू लागली. मी तिच्या ताटात भात वाढला. "बस. जेव."

बाबा मात्र सवयीने दाराबाहेर पोहोचले होते. मनगटावरच्या घड्याळात ते सेकंद मोजत होते. "ऊठ गं," ते म्हणाले, आणि त्यात हुकमापेक्षा विनवणीच जास्त होती. माझे पाय आपसूक ताठले. मी ते खुर्चीच्या पायांत अडकवून धरले.

"आजोबा एकटेच बाहेर गेले," भिंगरी म्हणाली.

"हो."

"मी जाऊ बोलवायला?"

"जा. पण चालत."