उंट, शिट्टी, पायपुसणं, चंद्र

माझी वहिनी वकील आहे. नवराबायकोची भांडणं कोर्टात नेते, आणि जमलंच तर वाटेतच मिटवते. मी तिची नणंद. बाहेरच्या टेबलावर बसून फोन, तारखा आणि माणसं सांभाळते. त्यात माणसं सगळ्यात अवघड, कारण येतात खरं बोलायला आणि खुर्चीत टेकली की मोजून-मापून बोलतात.

त्या दिवशी समोरच्या बाकावर बसलेला गृहस्थ त्यातलाच. कडक इस्त्री, मऊ आवाज. धंद्याने संगणकवाला; कंपन्यांच्या संगणकांची कुलपं कच्ची की पक्की ते तपासून द्यायचा. त्याची बायको, म्हणजे आमची अशील, शाळेत शिकवते, म्हणून आमच्यात ती मास्तरीणबाई. मुलीला घेऊन तिने घर सोडलं, तर हा पठ्ठ्या दोनदा तिच्या नव्या दारात उभा. एकदा फोनवरून माग काढून, एकदा तिची मेल उघडून. तिसऱ्या घराचा पत्ता आमच्या ऑफिसातल्या एका संगणकात होता, आणि तिथेच राहायला हवा होता.

त्यासाठीच वहिनीच्या भावाने तो संगणक पार पुसून त्यावर लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर चढवलं होतं.

"ह्याचा कोड सगळ्या जगाला उघडा आहे," तो अभिमानाने म्हणाला.

"म्हणजे चोरालाही?" मी विचारलं.

"चोरालाही, आणि चोर पकडणाऱ्यांनाही. कुलूप कसं बनतं ते कोणीही बघावं. किल्ली मात्र तुमच्याकडे."

"आणि प्रिंटर?"

"प्रिंटर," तो जरा पडेल आवाजात म्हणाला, "कधीकधी रुसतो."

वहिनीच्या ह्या भावाचं नाव आम्ही कुलूपभाऊ ठेवलं. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की पडदा काळा होऊन संगणकाला आपोआप कुलूप लागायचं, आणि पासवर्ड म्हणजे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द. उंट, शिट्टी, पायपुसणं, चंद्र. इंग्रजी अक्षरांत, सलग. "जगातला कुठलाही संगणक हे ओळखू शकणार नाही," कुलूपभाऊ म्हणाला. त्याचं खरंच होतं. फक्त त्याने नानांना हिशेबात धरलं नव्हतं.

नाना आमचे कारकून. त्यांची हयात कागदांच्या नकला मुळाशी ताडून पाहण्यात गेली. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट फिरवायचं, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. ही सवय इतकी मुरली की नाना एक अक्षर मुक्याने टाइप करत नाहीत. आम्हाला ते पंख्याच्या घरघरीसारखं झालं होतं. ऐकूच येत नव्हतं. कुलूपभाऊने सगळी भोकं बुजवली, एक तोंड तेवढं राहिलं.

सकाळभर घासाघीस होऊन तडजोड ठरली होती. मुलगी आईकडे राहील, बाप तिला ठरल्या दिवशी शाळेत भेटेल, घराकडे फिरकणार नाही. त्याचा वकील आत वहिनीशी शेवटच्या ओळी पक्क्या करत होता. नानांनी मजकूर दुरुस्त केला होता. आता छापायचा आणि सही घ्यायची. नाना पाणी पिऊन येईपर्यंत संगणक झोपला.

नाना बसले, चष्मा सारखा केला आणि सुरू झाले. "उं...ट..."

मी खोकले.

"शि...ट्टी..."

मी स्टेपलर खाली पाडला. चांगला दणदणीत आवाज झाला.

"ताई, खोकला अंगावर काढू नका," नाना न वळता म्हणाले. "पा...य..."

"नाना, आधी वहिनी काय म्हणते ते बघून या."

"आलोच. पु...स...णं... चंद्र. झालं."

बाकावरचा माणूस आपल्या फोनकडे बघत होता. पण त्याचा अंगठा थांबला होता.

प्रिंटर रुसला. नानांनी त्याला थोपटलं, कागद काढून पुन्हा घातले. "हे जुनं होतं ते बरं होतं," म्हणत ते वहिनीला सांगायला आत गेले. संगणक उघडाच होता. त्याला कुलूप लावायची एक कळ कुलूपभाऊने मला शिकवली होती. ती आठवेना, आणि उठून त्या खुर्चीत बसावं तर ह्याला कळेल की मला कळलंय. मी पडद्याकडे बघत राहिले. शेवटी तो आपोआप काळा झाला. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाकावरचा तो माणूस उठला. आळस दिला. सहज चालत गेला आणि नानांच्या खुर्चीत बसला.

"साहेब, ती ऑफिसची जागा आहे."

"प्रिंटरच बघतो, ताई. घरी मी हीच सिस्टीम वापरतो. जरा समजून घ्यावी लागते हिला." त्याची बोटं चालली. नानांना जे लिहायला एवढा वेळ लागला, ते त्याने एका दमात, मुक्याने लिहिलं. कुलूप उघडलं.

प्रिंटरकडे त्याने बघितलंही नाही. फोल्डरांची रांग उघडली. मास्तरीणबाईचं मला लांबूनही ओळखता येत होतं. बाण खाली सरकू लागला.

मी वाकले आणि टेबलाखालून गेलेली संगणकाची वायर भिंतीतून उपटली.

संगणकातला पंखा थांबला, त्याचा दिवा गेला, पडदा मेला. त्याने सावकाश मान वळवली.

"हे काय केलंत?"

"पाय अडकला," मी वायर हातात धरून म्हणाले.

वहिनी बाहेर आली, मागे त्याचा वकील, मागे नाना. वहिनीने खुर्चीत कोण आहे ते पाहिलं, माझा हात पाहिला, आणि तिला काही विचारावं लागलं नाही.

"तुम्ही तो उघडलात कसा?" तिने त्याला विचारलं.

"पासवर्ड नानांनीच सांगितला की. सगळ्या खोलीने ऐकला."

"मी?" नाना म्हणाले. "मी कुठे काय बोललो?"

त्याचा वकील कपाळ चोळत होता. पण अशिलाची बाजू ती अशिलाची बाजू.

संगणक पुन्हा चालू झाला, तेव्हा सकाळची दुरुस्ती त्यात नव्हती. जतन केलीच नव्हती. वहिनी म्हणाली, हाताने लिहून काढू. तो उभा राहिला. "आता घाई कशाला? कागदच नाही, तर पुन्हा नव्याने बोलू. मुलीच्या बाबतीतही मला विचार करायचाय." आणि वकिलाला मागे सोडून गेला.

वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, एक सही राहिली होती. एक."

"आणि पत्ता?"

तिने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "फोन तुम्हीच लावा."

मास्तरीणबाईने पहिल्याच घंटेला उचलला. मी काही लपवलं नाही. सही गेली, मुलीचं पुन्हा भांडावं लागेल, कदाचित वर्षभर.

"त्याने पत्ता पाहिला का?" तिने विचारलं.

"तुमच्या नावापर्यंत आला होता. उघडता आलं नाही."

"तुम्ही पाहिलंत? नक्की?"

"पडदा माझ्या डोळ्यांदेखत गेला."

मग फोन बाजूला धरून लेकीला म्हणाली, "नाही गं, बूट काढ. कुठे जायचं नाहीये." आणि मला, "ताई, ठेवते. खिडक्यांचे पडदे आणून नुसते ठेवलेत, ते लावते आता."