पलीकडचे टोक

ज्याने आपल्याला धीर धरायला शिकवले, त्याच्याच बाबतीत आपला धीर सुटावा, या अपराधाला कोणतेही शास्त्र प्रायश्चित्त सांगत नाही. तो मनुष्य निघून गेल्यावर तर क्षमा मागायलाही दार उरत नाही.

रुग्णालयाच्या दोन इमारती एकाच तारेने जोडलेल्या होत्या. जुन्या इमारतीतला नेटवर्कचा स्विच आप्पा सांभाळत, नव्यातला त्यांची लेक. दोन्ही स्विच दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक देत. चाळीस सेकंद हाक आली नाही, की पलीकडचा गेला असे समजत. बिघाड लवकर कळावा म्हणून लेकीला हाक दर सेकंदाला आणि ही मुदत चार सेकंदांवर आणायची होती.

"ठमाबाई," आप्पा भर बैठकीत तिला म्हणाले होते, "शेजाऱ्याला ठसका लागला, की लगेच त्याला मेला म्हणायचं का?"

सगळे हसले. तिला ते झोंबले. "आप्पा, तुमचा काळ संपला आता," ती बोलून गेली.

आप्पाही हसले आणि महिनाअखेरीस निवृत्त झाले. बापलेकीत अबोला राहिला. सवडीने बोलू, असे ती रोज म्हणे. पाचव्या महिन्यात त्यांचे हृदय थांबले.

त्यांचा स्विच निवृत्तीच्या दिवसापासूनच तिच्याकडे आला होता. पण तो बिनतक्रार चालत होता, म्हणून त्याच्या सेटिंग बघायला तिने तो एकदाही उघडला नाही. खरे कारण तेवढेच नव्हते.

आज दुपारी वरून हुकूम आला: दोन्ही स्विच एकमेकांना ज्या परवलीच्या शब्दाने ओळखतात ती जुनी, कच्ची गुप्तकिल्ली बदलून नवी घालावी, आणि हाक दर सेकंदाला व मुदत चार सेकंद करावी. आप्पांचा दंडक तिला तोंडपाठ होता: आधी तारेवरून दूरचे टोक बदलायचे, मग जवळचे, नाहीतर आपण उभे आहोत तोच पूल तुटतो. पण दूरचे टोक आप्पांचे होते. तिचा हात तिकडे वळेना. तिने आधी आपलेच टोक बदलले.

दोन किल्ल्या जुळेनात. पूल तुटला.

फोन खणखणला. जुन्या इमारतीतल्या लॅबवाल्या मावशी. "अगं इंजिनियरीणबाई, रिपोर्ट पलीकडे जाईनात! आता कागद घेऊन मीच पळू का, या गुडघ्यांनी?"

"आले मावशी."

लॅपटॉप आणि स्विचला थेट जोडायची निळी केबल घेऊन ती धावत अंगण ओलांडून गेली. आप्पांच्या खोलीत खुर्चीवर त्यांची चपटी झालेली उशी तशीच होती. तिने केबल जोडली. पडद्यावर शेवटच्या बदलाची तारीख उमटली: त्यांच्या निवृत्तीचा दिवस. तार जिथे खोचलेली असते त्या पोर्टचे वर्णन लिहायच्या ओळीत, रोमन अक्षरांत, आप्पांचे मराठी होते:

'पलीकडे ठमाबाई आहे. तिचं म्हणणं बरोबर आहे. मुदत तिनेच कमी करावी.'

आप्पा हयात होते त्या साऱ्या महिन्यांत ही ओळ इथे होती. त्यातल्या कोणत्याही सकाळी तिने हा स्विच उघडला असता, तर त्या संध्याकाळी ती घरी जाऊन आप्पांसमोर बसली असती.

तिने नवी किल्ली घातली. दहाच्या जागी एक, चाळीसच्या जागी चार लिहिताना बोटे दोनदा चुकली. मग पलीकडून हाक आली आणि हिरवा दिवा लागला.

मावशी दारात आल्या. "आले गं रिपोर्ट. आप्पा असते तर चहा पितापिता केलं असतं."

"हो मावशी. असते तर."

तिने सगळे जतन केले; ती ओळ मात्र तशीच ठेवली.

ज्याने लिहून ठेवले त्याला शांती लाभो. जिला वाचायला उशीर झाला तिचे मन हलके होवो. आणि त्या तारेच्या दोन्ही टोकांना असणाऱ्यांचे कल्याण होवो.